श्वास पुरेल तोवर

विद्यापीठाकडे जाणाऱ्या बसने ब्रेक लावला, एक लांबलचक नळकांडं कस्तुरीच्या खांद्यावर आदळलं आणि ऐन क्योतोत तिच्या कानाशी कुणीतरी मराठीत म्हणालं, "मेलो..."

"मेले असते ती मी," कस्तुरी म्हणाली.

तो चपापला, मग हसला. बाहेर गिंकोच्या झाडांची पिवळीजर्द पानं गळत होती, आणि कस्तुरीचा उतरायचा थांबा केव्हाच मागे पडला होता.

चंद्रहास सांगलीचा. ओसाकाच्या कारखान्यात यंत्रं जुळवायची, वर्षभर रजा साठवायच्या आणि इजिप्तमधलं नासर सरोवर गाठायचं. तिथे नाईल पर्च नावाचे माणसाएवढे मासे गळाला लागतात. नळकांड्यात त्यासाठीचीच गळाची काठी होती. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, हे ऐकून कस्तुरीला हसू फुटलं. ती माशांच्या खवल्यांवरची वलयं मोजून त्यांचं वय सांगणारी, पीएच.डी.ची विद्यार्थिनी. निदान एकेक खवला तरी आणा, असं बजावून तिने त्याला प्रयोगशाळेची पाकिटं दिली. तारीख, ठिकाण, लांबी, शेरा असे रकाने छापलेली.

दोन वर्षं तो ती पाकिटं भरून आणत राहिला. पहिल्यांदा शेरा होता, 'ठणठणीत.' मग, 'हट्टी. तुमच्यासारखा.' आणि त्यानंतर, 'सोडताना तुझी आठवण आली.' खवला काचपट्टीवर चढला की पाकीट टाकून द्यायचं, ही प्रयोगशाळेची रीत. कस्तुरीने एकही टाकलं नाही.

एका रविवारी क्योतोजवळच्या बिवा सरोवराच्या काठी त्याला एक मिशाळ मासा लागला. तो वर उचलून धरताच चंद्रहास एकदम मुका झाला. ती बोलत राहिली, तो ओठ मिटून उभा. मासा पाण्यात सुटला, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

"पाण्याबाहेर धरला, की आपणही श्वास रोखायचा," तो म्हणाला. "आपला संपला, की त्याचाही संपत आलाय समजायचं. मग कितीही जीव गुंतला तरी... सोडायचं."

बोलताना तो पाण्याकडे बघत नव्हता.

वसंतात त्याने सांगितलं, नासरच्या काठावरच्या मासेमारी तळाने वाटाड्या म्हणून बोलावलंय. दोन वर्षांसाठी. सांगून तो थांबला. तिने काहीतरी म्हणावं म्हणून थांबला, हे तिला कळत होतं. आणि तिच्या तोंडून निघालं काय, तर... पाकिटं किती देऊ? दोनशे पुरतील?

पुरतील, तो म्हणाला.

त्या संध्याकाळी कामो नदीच्या काठाने सायकल हाकताना लहानपणी ऐकलेल्या आत्याच्या ओव्यांची चाल आपसूक तिच्या ओठी आली.

*सरोवराच्या गं काठी, कुणी टाकियेला गळ,*
*मासा गेला सुटूनिया, माझ्या काळजाला वळ*

तो निघाला त्या सकाळी क्योतो स्टेशनावर विमानतळाची गाडी उभी होती. चंद्रहासने तिचा हात हातात घेतला आणि गप्प झाला. त्याचे गाल किंचित फुगलेले, कानांच्या पाळ्या लाल... कस्तुरीच्या लक्षात आलं, याने श्वास रोखलाय.

मग त्याने हळूच हात सोडला.

तिने तो पुन्हा पकडला, घट्ट.

"का सोडलास?"

"श्वास संपला गं."

"तुझा संपला. मी रोखलाच नव्हता, वेड्या." तिचा आवाज भिजला होता. "मी पाण्याबाहेर नाहीये, चंद्रहास. तू हात धरलास, की मला नीट श्वास घेता येतो."

गाडी सुटायची सूचना झाली. माझा प्रबंध ऑक्टोबरात संपतोय, ती भराभर सांगत सुटली, वलयं काय, नासरच्या काठावर बसूनही मोजता येतात. तो नुसता मान हलवत होता. दार मिटेस्तोवर बोटांत बोटं होती.

महिन्याने पहिलं पाकीट आलं. आत खवला नव्हता. लांबीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ऑक्टोबरपर्यंत.' आणि शेऱ्यात, 'हात अजून सोडलेला नाही.'