शेवट पुन्हा लिही

वरच्या वर्गाची खोली दुरुस्तीला काढली आणि कवितेचा तास प्रयोगशाळेत आला. पहिल्याच दिवशी बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर टेकवला, तोच मागून हलका आवाज आला, “तिथे नका ठेवू... मघाशी ॲसिड सांडलंय.”

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांशी झालेली ही पहिली भेट. मुलं त्यांना पाठीमागे ‘स्पिरिटसर’ म्हणत. बाटल्या बाहेर असताना खोली सोडायची नाही, हा तिथला नियम. त्यामुळे वर्षभर ते मागच्या नळापाशी परीक्षानळ्या धुता धुता कविता ऐकत राहिले. बाईंनी एखादी ओळ दोनदा वाचली की नळ बंद व्हायचा. हे लक्षात आल्यापासून बाई बऱ्याच ओळी दोनदा वाचू लागल्या होत्या.

“तुमच्या तासाला माझं निम्मं काम राहतं,” ते एकदा म्हणाले.

“मग करा की तक्रार.”

“करणार होतो... पण मग तास दुसरीकडे नेतील.”

बाईंची नोकरी वर्षापुरती होती. आणखी एक वर्ष थांबता का, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं; उत्तर आज पाचपर्यंत द्यायचं होतं. घरी आई एकटी. ‘पुरे झाली आता परगावची नोकरी,’ असं ती रोज फोनवर म्हणायची. थांबायला बाई एका पायावर तयार होत्या, पण कोणासाठी थांबायचं? तो माणूस तर मूग गिळून बसला होता.

आज, वर्षाच्या शेवटच्या तासाला, त्यांनी तपासलेल्या कविता वाटल्या. कोणी लाजू नये म्हणून त्यांनी कागदांवर नावं घालू दिली नव्हती. ज्याने त्याने आपला कागद अक्षरावरून उचलायचा. सगळे उचलले गेले, एक उरला. कवितेतली बाई रोज तासभर येते, खोली भरून जाते. शेवटी – ‘ती जाईल. मी काचा धुवेन.’ त्याखाली बाईंचा लाल शेरा: ‘भावना खरी. शेवट भित्रा. पुन्हा लिही.’

“हा कोणाचा रे?”

कोणी हात वर केला नाही. घंटा झाली, वर्ग पांगला. कागद हातात धरून उभ्या असलेल्या बाईंची नजर कपाटातल्या बाटल्यांकडे गेली. सरांनी चिकटवलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर तेच अक्षर होतं. दुसऱ्याच्या लिहिण्याला हसायचं नाही, असं मुलांना वर्षभर बजावलं आणि इथे एका माणसाने मन उघडलं, तर आपण त्याला भित्रा म्हणून मोकळ्या झालो.

त्या नळापाशी गेल्या. “मला माहीत नव्हतं... मुलाची समजून तपासली.”

“बरोबर तपासलीत. मीच सरकवली होती गठ्ठ्यात.” त्यांनी वर पाहिलं नाही. “गठ्ठा कालपासून इथेच होता, शेरा वाचला मी. तेव्हापासून दुसरा शेवट लिहितोय – जमत नाही.”

“मग लिहू नका. सांगा.”

घड्याळात पाचला दहा कमी होते. त्यांनी नळ बंद केला.

“तुमची आई वाट बघतेय, मला ठाऊक आहे. मी कोण अडवणारा... पण तुम्ही गेलात तर मला फार जड जाईल. थांबा.”

बाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही.

“आईला मी समजावीन. पण तुम्हाला बरोबर यावं लागेल. तिच्यासमोर हेच बोलायचं.”

“तिथे माझी बोबडी वळेल.”

“वळू दे. मी शेजारी असेन.”

हात पुसून ते त्यांच्याबरोबर मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे निघाले. व्हरांडा मुलांनी भरलेला होता. अर्ध्या वाटेत बाईंनी त्यांचा हात धरला, सगळ्यांच्या देखत.