भिंतीतला पिवळा फोम

आत्याला काम मिळालं की भाच्याच्या जेवणाचा बोऱ्या वाजायचा, हे ठरलेलं. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करता करता निवृत्त झाली आणि आता खासगी तपास करत होती. भाचा तिची गाडी चालवायचा आणि त्याच्या मते निम्मं डोकंही. आत्याचं मत वेगळं होतं.

त्या सकाळी समोर बसलेली बाई मोटारघरांच्या कारखान्याची मालकीण होती. मोटारघर म्हणजे चाकांवरचं घर, आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. इतर कारखानदार त्याच्या भिंतींत खनिज तेलापासून केलेला फोम चिकटवतात आणि गाडी मोडीत निघाली की तो कचऱ्यात जन्मभर पडून राहतो. हिने मात्र तागाचे तक्ते घातले होते. सगळं काम स्क्रूवर, गोंदाचा थेंब नाही. भिंत उघडावी आणि ताग मातीत घालावा, असं ती सभांमधून सांगत फिरायची आणि लोक तिच्या शब्दावर गाड्या घ्यायचे.

काल एका गिऱ्हाइकाची गाडी खिडकी मोठी करायला आली. भिंत कापली, तर आत पिवळाधमक फोम. आवारात विक्रीसाठी उभ्या असलेल्या गाड्या उघडल्या, त्यांचीही तीच गत.

"दादाने, माझ्या थोरल्या भावाने, रात्रीत छडा लावला," ती म्हणाली. "आमचे मिस्त्रीकाका. तागाचे तक्ते त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये निघाले. संध्याकाळी तक्रार द्यायची आहे. पण काकांनी मला कडेवर खेळवलंय हो. सही करायला हात धजत नाही. तुम्ही एकदा बघा."

मिस्त्रीकाका तुरुंगात जाणार की नाही, हे आता संध्याकाळपर्यंत आत्याच्या हातात होतं.

कारखान्यात भाच्याला पहिल्यांदा भेटला तो दादाच, आणि भाचा तिथेच विरघळला. किती साळसूद, किती अगत्याचा माणूस! आल्या आल्या त्याने भाच्याला कँटीनमध्ये बसवून पोटभर जेवू घातलं. वडील गेल्यावर बहिणीला त्यानेच शिकवलं होतं आणि या कारखान्यात जोडलेली सगळी पुंजी घातली होती. तागाचे तक्ते आपल्या डोळ्यांदेखत भिंतींच्या पॅनेलमध्ये बसले, कडा बंद झाल्या, मग फोम आला तो नंतरच, असं त्याने सांगितलं. तयार गाड्यांच्या आवाराची किल्ली मिस्त्रींकडे. स्क्रू काढायचे, अदलाबदल करायची, स्क्रू लावायचे. 

आत्याने फक्त विचारलं, की पॅनेल भरायच्या खोलीत कोण असतं. तो आणि त्याची दोन माणसं, असं उत्तर मिळालं.

गाड्या विकणाऱ्याने सरळ हात झटकले. आपल्याकडे फक्त प्रदर्शनाची गाडी असते, असं तो म्हणाला. तिची एक भिंत काच लावून मुद्दाम उघडी ठेवली होती, आत खरा ताग दिसत होता. आत्याने काचेकडे ढुंकून पाहिलं नाही. ती वाकून चाकाजवळच्या स्प्रिंगच्या पोलादी पात्या बघत बसली. मग आवारात जाऊन फोमच्या गाडीखाली तिने भाच्यालाच घातलं.

"या गाडीला प्रदर्शनाच्या गाडीपेक्षा दोन पात्या कमी आहेत," तो खालून ओरडला. "आणि सगळीकडे काळा रंग फासलाय. बोल्टवरसुद्धा."

"कुठे खरवडलाय?"

"कुठेच नाही. माझा सदरा मात्र कामातून गेला."

वर येऊन आत्याने फोमच्या गाडीत जमिनीवर पेन्सिल आडवी ठेवली. ती जागची हलली नाही. मग प्रदर्शनाच्या गाडीतही ठेवून पाहिली. तिथेही तेच.

मिस्त्रीकाका आपल्या बाकावर बसून होते. हातात काम नव्हतं. तक्ते दादानेच दिले, असं त्यांनी सांगितलं. उरलेले तुकडे म्हणून दिले खरे, पण अख्खेच्या अख्खे होते. माणूस मोठ्या मनाचा आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. भाच्याला या गोष्टीवर काडीचा विश्वास बसला नाही.

"स्प्रिंग कोण ठरवतं?" आत्याने विचारलं.

"दादाच. त्याला गाडी तसूभर कललेली खपत नाही. भिंतींच्या वजनाप्रमाणे पात्या आधीच बसवून घेतो. मग खालून रंग मारायचा आणि त्याच्यानंतर भिंती चढवायच्या. आमच्याकडे हीच रीत."

आत्याने सगळ्यांना पॅनेलच्या खोलीत बोलावलं. मालकीण तक्रारीचा कागद घेऊनच आली होती.

"ताग जड, फोम हलका," आत्या म्हणाली. "एका गाडीत मिळून दोन धट्टीकट्टी माणसं बसतील एवढा फरक. म्हणून प्रदर्शनाच्या गाडीला दोन पात्या जास्त. बरोबर ना, मिस्त्री?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

"आता समजा, आवारातल्या गाड्यांमध्ये आधी ताग होता आणि मिस्त्रींनी मागाहून काढला. मग पात्या तागाच्या वजनाच्या हव्यात आणि ओझं उतरल्यामुळे गाडीची मागची बाजू वर उचललेली हवी. पण गाडी सपाट आहे. पात्या फोमच्या वजनाच्या आहेत."

"मिस्त्रींनी पात्याही बदलल्या असतील," भाचा म्हणाला. खाल्ल्या अन्नाला जागणं त्याच्या रक्तात होतं.

"बोल्ट न उघडता? रंग तू स्वतः पाहिलास. तो भिंती चढायच्या आधी मारलेला आहे आणि कुठेही तुटलेला नाही. म्हणजे पात्या बसवल्या, त्या दिवशीच कुणाला तरी माहीत होतं, की या भिंतींत ताग येणारच नाही. पात्या ठरवणारा माणूस एकच आहे. भिंती भरणाराही तोच. खोटी भिंत त्याने खपवून घेतली, पण वाकडी गाडी त्याच्या हातून होईना."

दादा बहिणीकडे वळला. 

"ताग परवडत नव्हता," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी टाळं लागलं असतं. तुझं एवढं स्वप्न..."

"म्हणजे पहिल्या वर्षापासून?" मालकिणीने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मी स्टेजवर उभी राहून बोलायचे, दादा. तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचास."

"तुला सांगितलं असतं तर तू कारखाना बंद केला असतास."

"केला असता. आणि काका? काकांना कुणासाठी तुरुंगात घालत होतास?"

  फसवणूक झाली होती तिची, पण लाज भाच्यालाही वाटत होती. एका थाळीवर त्याने माणूस पारखला होता.

मालकिणीने तक्रारीचा कागद फाडला. विकलेली एकूण एक गाडी परत बोलवायची, गिऱ्हाइकांना खरं काय ते आपण स्वतः सांगायचं आणि भिंती उघडून ताग भरायचा, मग कारखाना राहो की जावो, असं तिने विकणाऱ्याला बजावलं. दादाला ती काहीच बोलली नाही. तो तिच्या जवळून बाहेर गेला, तेव्हा तिने वाट दिली, एवढंच.

मग ती मिस्त्रींकडे वळली. तिने त्यांचा हात धरला.

"काका, सुटलात तुम्ही. उद्यापासून आपण दोघं मिळून..."

 मिस्त्रींच्या आवाजात राग नव्हता.

"पोरी, त्याने माझं नाव घेतलं, तेव्हा मला एका शब्दाने तरी विचारलंस का?"

  मग मिस्त्री चपला घालून घरी गेले.