मागच्या सीटवरचा भूपेंद्र

मरोद्याच्या वळणावर कुणीतरी हात केला, मी स्कूटीचा ब्रेक दाबला, अन् पाहते तो काय — भूपेंद्र! आमच्या पोलाद-प्लांटमधला क्रेन ऑपरेटर, बुलेटवाला, नाकावर माशी बसू न देणारा, तो!

"कॅम्पपर्यंत सोडतेस?"

"अन् बुलेट?"

"विकली. पिऊन पाडली होती ना... आता दर गुरुवारी तिथं दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीले जातो."

"पोरीच्या मागे बसशील?"

"बसतो ना. पण हळू चालव, मले भेव लागते."

एवढा धिप्पाड गडी गुडघे आवळून मागे बसला. मला हसू आवरेना. मग दर गुरुवारी तो त्याच वळणावर दिसू लागला, आणि मी — खोटं कशाला बोलू — गुरुवारी ठेवणीतली ओढणी घेऊ लागले.

"पायल, शाम्पू कोणता लावतेस?"

"समोर पाहा!"

"समोर तुझे केसच तर आहेत..."

एका गुरुवारी कॅम्प-१ वस्तीच्या बाजारात गाडी गर्दीत अडली. पानठेल्यावर त्याचे जुने दोस्त उभे. "अबे भूपेंद्र! लडकी के पीछे बैठता है? मर्द है तो उतर, एक पेग मार!"

मी हॉर्नवर हॉर्न दाबला. पूर्वीचा भूपेंद्र एव्हाना कुणाची तरी कॉलर धरून उभा असता. हा उतरला की गेला, अन् मग माझं... माझं काय? याच्यात किती गुंतले होते, ते तेव्हा कळलं.

तो उतरला नाही. बसल्या जागी त्यानं हात जोडले. "हाँ भाई, पीछे ही ठीक हूँ. उतरा तो पी लूँगा. मुझसे नहीं सँभलता."

ठेला फिदीफिदी हसला. माझ्या कानाशी हळूच आवाज आला, "निघ ना लवकर... हातपाय कापून राहिले माझे."

देवा रे! भर बाजारात, सगळ्यांसमोर, कुणी असं बोलतं? मी तर आईपुढेही साधी चूक कबूल करत नाही हो! डोळे भरून आले. कशीबशी बैठकीच्या दाराशी गाडी थांबवली.

"कावून रडून राहिली? लाज वाटली माझी?"

"गप रे! एवढा मोठा माणूस मी पाहिला नाही. मले तू आवडतोस... लग्न करशील माझ्याशी?"

तो मान खाली घालून म्हणाला, "उद्या पुन्हा प्यालो तर? जन्माचं वचन माझ्याच्यानं होत नाही, पायल. फक्त आजचं देऊ शकतो."

"दे मग आजचं," मी हात पुढे केला. "उद्या पुन्हा मागीन."

त्यानं माझा हात धरला. "आजचं दिलं," म्हणाला, अन् बैठकीच्या दारातून आत गेला.