निळ्या पिंपातलं पाणी

सकाळी फोन वाजला तेव्हा तपासनीस बाईंचा चहा कपातच होता.

"मिरचीची रोपं पिवळी पडलीत," पलीकडून रोपवाटिकेतली मुलगी म्हणाली. "चारही वाफ्यांतली. लगेच या."

'चारही' हा शब्द बाईंना खटकला. चारही वाफ्यांना खत मुद्दाम निम्मंच दिलं होतं. दोन वाफ्यांना मुलीनं तयार केलेलं जैविक द्रावण, उरलेल्या दोन वाफ्यांना नुसतं नळाचं पाणी. द्रावण म्हणजे खत नव्हे. त्यातले जिवाणू मुळांपाशी राहतात आणि मातीतलं अन्न घ्यायला रोपाला मदत करतात. मग पिवळी पडायची तर नुसत्या पाण्याच्या दोनच वाफ्यांतली.

अहवाल आजच द्यायचा होता. तो विरुद्ध गेला की मुलीची सहा वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय नियम असा, की घरच्याच कुणी चाचणीत ढवळाढवळ केली तर पाच वर्षं विक्रीच्या परवान्यासाठी अर्जच करायचा नाही.

रोपवाटिकेच्या दारात मुलीचे वडील तयारच होते. "हे त्या खतवाल्याचं काम, ह्या द्रावणानं त्याचा धंदा बसेल ना. मंगळवारी आला होता. द्रावण पाण्यात कालवतो त्या पिंपापाशी घुटमळत होता मेला."

बाईंनी द्रावणाची सीलबंद बाटली फोडली आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नुसती वळवळ. मग निळ्या पिंपातला थेंब. सगळं चिडीचूप.

म्हणजे माल अस्सल होता. मेला तो पिंपात.

"पिंप केव्हा भरता?"

"रोज नव्यानं. सकाळी आठला."

"तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"मी सातलाच रोपांची गाडी घेऊन बाजारात जातो. ही तिच्या प्रयोगशाळेत."

बाईंनी पिंपात डोकं घातलं. दहा दिवस द्रावण भरलं की पिंपाला आतून बुळबुळीत थर धरायला हवा. हे पिंप धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. त्यांनी पाणी तपासायची एक पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि न बोलता खिशात टाकली.

पिंप भरायची आत्या. वडिलांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. गडद निळा ॲप्रन, पोटावर पांढरट डाग.

"पिंप तुम्हीच भरता?"

"मग कोण? हिला मी पिंपापाशी फिरकू देत नाही. लहानपणी न्यूमोनियानं गेलीच होती ही. सतरा दिवस उशाशी बसून वाचवलं मी हिला."

"द्रावणात काय असतं, ठाऊक आहे?"

"जंतू," आत्या तोंड वाकडं करून म्हणाली. "हिनंच सांगितलं. आणि उघड्या हातानं ढवळते हो त्यात. हातमोजे घाल म्हटलं तर हसते."

"नोकरी किती वर्षं?"

"एकतीस. माझ्या वॉर्डात शिरायची जंतूची टाप नव्हती."

बाईंना पुढे काही विचारावंसं वाटेना. त्यांनी मुलीला गोदामात नेलं आणि दार लोटलं.

"खतवाला मंगळवारी एकदाच आला. पिंप रोज नव्यानं भरतात आणि जिवाणू रोज मरतात, नाहीतर रोपं सुधारली असती. म्हणजे हे करणारं माणूस रोज सकाळी इथे असतं. तुझे वडील तेव्हा बाजारात. पिंप आतून लख्ख आहे. आणि ही बघ पट्टी. नळाच्या पाण्यात असतं त्याच्या कितीतरी पट क्लोरीन. आत्याच्या ॲप्रनवर आहेत तसे पांढरे डाग गडद कापडावर ब्लीचिंगनंच पडतात."

मुलगी पोत्यावर बसली.

"जिवाणू, जिवाणू म्हणून किती समजावलं तिला. डोक्यात शिरेना. शेवटी कंटाळून म्हटलं, जंतूच गं आत्या." तिनं बाईंच्या हातातली पट्टी घेतली. "मला जपायला केलंय तिनं."

"हो."

"खरं लिहिलंत तर?"

"पाच वर्षं दार बंद. आणि कारण म्हणून तिचं नाव."

"नाही लिहिलं तर?"

"द्रावण निकामी. पुढच्या हंगामात अर्ज करता येईल. पण तो शिक्का पुसायचा नाही."

"अहवालात तिसरा रकाना नाही?"

"नाही."

वीस वर्षांत बाईंनी भेसळवाले पकडले होते, खोटे दाखले देणारे पकडले होते. आज गुन्हेगार हाती लागला होता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. त्यांना स्वतःच्या नोकरीचाच राग आला.

"निकामी लिहा," मुलगी म्हणाली. "तिला हे कळलं तर ती जेवायची नाही."

बाईंनी त्या रकान्यात खूण केली. मुलीनं सही केली. तेवढ्यात दार ढकलून आत्या पाण्याचे दोन पेले घेऊन आत आली.

"सापडला का तो?"

"कुणी नव्हतंच, आत्या. द्रावणातच खोट होती. माझंच चुकलं."

आत्यानं पेले खाली ठेवले आणि तिला पोटाशी धरलं. मुलीनं त्या डागांवर डोकं टेकलं.

"जाऊ दे गं. पुढच्या हंगामात पुन्हा कर. मी आहे ना पिंप भरायला."