फाटकावरची बदली

या, या, चौकीत या. करंट गेलाय, कंदील लावतो. ही काठी धरा जरा, वात वर करू दे. स्टेशनची वाट सांगतो, पण आधी घटकाभर टेका. फाटकाशी मी "बदली?" म्हणून विचारलं आणि तुम्ही सवयीनं "हजर" म्हणालात, तिथंच ओळखलं. पेन्शनीत आलेला फौजी मी भाजीबाजारातसुद्धा ओळखतो. दुकानापुढं रांगेत उभा असला तरी त्याचे अंगठे पँटच्या शिवणीला लागलेले असतात.

मी बेळगावकडचा. पलटणीतून सुटल्यावर इथं बेंगळुरात, बनशंकरीत खोली घेतली, मी आणि बायको, गंगव्वा. त्या दिवशी भाच्याला कुंदा द्यायला इकडं के. आर. पुरमला आलो होतो. परतताना तुमच्यासारखाच दिवेलागणीला या रस्त्यानं निघालो. कॉम्प्युटरवाल्यांची ही इमारत तेव्हा नुकती उभी राहिली होती. सगळीकडं तांबडी माती, नीलगिरीचा वास, आणि फाटकावर एक म्हातारा गार्ड. असा ताठ की बघून माझीच पाठ सरळ झाली. एवढ्या धुळीत त्याचे बूट लखलखत होते. पॉलिशचा ताजा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"राम राम," मी म्हटलं. "नाव काय, अण्णा?"



"कल्लाप्पा... नाईक कल्लाप्पा. नाव विचारलंत हो. इथं सगळे 'ए सेक्युरिटी' म्हणतात."

मग बोलणं सुरू झालं. कुठल्या डोंगरावर होता, बर्फानं पायाची बोटं कशी नेली, पलटणीच्या लंगरातला चहा कसा असायचा. गाव वेगळं, पलटण वेगळी, तरी दोन सख्खे भाऊ भेटावेत तसं वाटलं. बदली कधी येणार, मी विचारलं.

"आलीच नाही..." तो हळूच म्हणाला. "स्वल्प, जरा उभे राहता? चहा घेऊन येतो."

"जा की. त्यात काय?"

"तसं नको... रीतसर." त्यानं टाचा जुळवल्या. "बदली?"

तुम्हाला काय सांगायचं! बदली आल्याशिवाय पहाऱ्यावरचा संत्री जागा सोडत नाही, बर्फ पडो नाहीतर गोळी. जुना विचारतो, नवा 'हजर' म्हणतो आणि काठी घेतो, की पोस्ट नव्याची. हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. मला त्याचा फार कळवळा आला होता, तोंडातून आपसूक गेलं, "हजर." त्यानं काठी दिली. इतकी गार होती की तळवा चरचरला.

तो गेला. मान वर, हात खांद्यापर्यंत, परेडवर जावं तसा. तो पलीकडं गेला, फाटक मात्र बंदच होतं... मी काही ते उघडलं नव्हतं.

बसा हो, चुळबुळ करू नका. गाडीला अवकाश आहे.

थोड्या वेळानं कंपनीच्या साहेबांची मोटार आली. हॉर्न वाजला. माझा हात आपणहून अडसरावर गेला. साहेबांनी मान वर केली नाही, मोठी माणसं ती! मागोमाग स्कूटरवरून एजन्सीचा सुपरवायझर आला, सुधींद्र त्याचं नाव. साहेब आत गेल्यावर माझ्या शेजारी उभा राहून मोटारीच्या ड्रायव्हरला म्हणाला, "कल्लाप्पा गेल्यापासून इथं माणूसच टिकत नाही रे. बघ, आजही फाटक रिकामं."

मी तिथंच होतो. त्याच्या खांद्याला माझा खांदा लागत होता.

ड्रायव्हर हसला. "त्या सकाळी साहेब किती हॉर्न मारायला लावत होते! म्हातारा उभ्या उभ्या गेला होता, गजाला टेकून. आम्हाला वाटलं, झोपलाय."

"बदलीचा माणूस पाठवायचा राहिला होता त्या आठवड्यात," सुधींद्र म्हणाला आणि पान थुंकला.

ऐकलंत? राहिला होता! ज्या माणसानं देशासाठी बोटं दिली, त्याच्या मढ्यावर यांनी हॉर्न मारले. संतापानं मी काठी फेकायला गेलो. हात उघडेना. खाली बघितलं, तर वाटेनं धुळीत माखलेले माझे बूट लखलखत होते.

पळून बघितलं, नाही असं नाही. स्टेशनचे दिवे दिसतात तिथवर जातो, आणि पुन्हा फाटकाशीच उभा असतो.

गंगव्वा आली होती. माझा फोटो घेऊन दारोदार विचारत. हातभर अंतरावर गज धरून उभी राहिली, केस पार पांढरे झाले होते. मी हाका मारल्या, शेवटी शिट्टी फुंकली. गाडीची शिट्टी वाटून तिनं रेल्वेच्या रुळांकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसत निघून गेली.

साहेबांना मी दिसत नाही, सुधींद्रला नाही, माझ्या बायकोलाही नाही. दिसतो तो फक्त आपल्या माणसाला. म्हणून फसवायलाही आपलाच माणूस लागतो. कल्लाप्पाला मी फार शिव्या घातल्या. आता घालवत नाहीत.

तुमच्याही घरी कोणी वाट बघत असेल... विचारत नाही. विचारलं तर माझा पाय निघणार नाही.

मी निघतो. नका उठू. काठी खाली ठेवून बघायची तर बघा, मीही बघितलं होतं. आणि तो कंदील जरा खाली धरा, बुटांजवळ. आलात तेव्हा ते मातीनं लाल होते ना?