आबांना खो

आबांच्या उरलेल्या पायाला ना जखम होती, ना मार. मग तो दिवसेंदिवस गार का पडत होता?

आबा एकेकाळचे नावाजलेले खोखोपटू. उजव्या पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) आतून बुजत गेल्या आणि डॉक्टरांना तो पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नवा कृत्रिम पाय झकास होता, नुसतं मनात आणलं की घोट्यात वळायचा. पण आबा तो घालून खुर्चीतच बसत. जरा उठू लागले की सगळं घर धावे, "बसा आबा, आम्ही आहोत ना!" पाणी, चष्मा, पानाचा डबा, सारं हातात. लाड म्हणजे किती लाड! आता डॉक्टर म्हणत होते, डाव्या पायाचंही लक्षण ठीक नाही. तेव्हापासून आबांच्या नातीची, तनयाची आई ओट्याकडे तोंड करून रडायची.

"भिडू, तो पायपण जाईल का रे?" तनयाने घरच्या यंत्रमानवाला विचारलं.

भिडूला खोटं बोलता येत नसे. "जाऊ शकतो." त्याने भिंतीवर पायाचं चित्र उमटवलं. मोठी रोहिणी अर्धी बुजलेली, भोवती केसांसारख्या बारीक वाहिन्या. "घाटात दरड कोसळली की लोक कुठून जातात?"

"आडवाटेने."

"रोज गेले की ती वाट रुंदावते. चालताना पोटरी जास्त रक्त मागते. मोठा रस्ता अडलेला, म्हणून रक्त या आडवाटांनी शिरतं. रोज मागणी आली तर त्याही हळूहळू रुंद होतात. बसलेली पोटरी काही मागतच नाही."

"मग डॉक्टरांनी चालायला नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. घरात कुणाला धीर झाला नाही. आबा म्हणतात, माझा डाव संपला."

तनयाला रडू फुटलं. अंगणात आबा पाठमोरे बसले होते. खोखोत बसलेला गडी आपणहून उठत नाही, खो मिळावा लागतो. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिने डोळे पुसले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"खो."

आबांची मूठ खुर्चीच्या दांड्यावर आवळली. भिडू शेजारी उभा राहिला, पण त्याने हात दिला नाही. आबा उठले. कुंपणापर्यंत गेले, पोटरी दुखली तसे थांबले आणि गेलेल्या पायासाठी पहिल्यांदाच रडले.

"गेला तो काही परत यायचा नाही, पोरी," ते म्हणाले. मग सावकाश वळले. "उद्यापण दे. जरा जोरात दे."