मागच्या सीटवरची वेसा

रकियाची दारू पुरे आता, पोरांनो. चुलीत एक ओंडका टाका आणि नीट बसा. ही माझ्या मेहुणीची गोष्ट. दोन्काची. तिनं स्वतः सांगितली, आणि ती खोटं बोलत नाही, भांडते फक्त.

मागच्या हिवाळ्यात, सतरा डिसेंबरला, बुधवारी. पाचलाच अंधार पडला होता. दोन्का वरच्या गावात गाव्रिलकडे जुनी व्होल्गा बघायला गेली. लग्नात नवरा-नवरीला फिरवायला अशी गाडी तिला हवी होती. गाव्रिल एकटाच राहायचा. बायको वेसा दोन वर्षांपूर्वी स्पेनला कामाला गेली, असं तो सांगायचा. आम्हीही मानायचो. निम्मं गाव स्पेनलाच तर आहे.

गाडी चकचकीत होती. पण दोन्का वरच्या रंगाला भुलणारी बाई नाही. टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली शिरली. सांगाड्याचा उजवीकडचा दांडा जुना, गंजलेला, सरळ. डावीकडच्याला मागच्या बाजूला नवं काळं डांबर फासलेलं. तिनं नखानं खरवडलं. खाली पत्र्याला सुरकुती.

"गाव्रिल, ही ठोकली होती का कधी?"

"ओरखडासुद्धा नाही गं."

"मग एकाच बाजूला काजळ कशाला घातलंस? नवरी आहे का?"

तो हसला नाही.

मग तिनं एकेक कोपरा दाबून पाहिला. तीन कोपरे दबले आणि उसळून वर आले. मागचा डावा आधीच खाली बसलेला. दाबला तर हललासुद्धा नाही. स्प्रिंगचे पाटे मोडले असतील म्हणून खाली बघितलं, तर पाटे धड. डिकी उघडली. रिकामी.

"चालवून बघते. चल बरोबर."

"तू जा," गाव्रिल म्हणाला. "माझा गुडघा दुखतो."

"गाडीत बसायला गुडघा कशाला लागतो?" असं म्हणून ती एकटीच निघाली.

रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. दगडखाणीचं वळण, खाली नदी. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. वळणावर टायर घासल्याचा आवाज आला, म्हणून दोन्कानं गाडी थांबवली, बंद केली, उतरली. मागचं डावं चाक पत्र्यात अर्धं गडप झालेलं.

तिनं मागचं दार उघडलं.

पाटे करकरले. गाडी हळूच वर आली. सरळ झाली.

दोन्का तशीच उभी राहिली. मग दार लावलं. आत सीटची स्प्रिंग वाजली...

गाडी पुन्हा खाली बसली.

"काका, उगाच काहीतरी!" कोण म्हणालं? तू, इवायलो? मग जा बाहेर, अंगणातून लाकडं आण. नाही? मग गप बस.

तर दोन्का पुढं येऊन बसली. आरशात बघितलं. मागं कुणी नाही. पण डाव्या काचेवर वाफ धरत होती. थोडी. विरायची. पुन्हा थोडी. श्वास घेतल्यासारखी...

मी असतो तर पळालो असतो. दोन्का वळून बसली.

"हे बघ," ती म्हणाली, "मी घाबरले असं समजू नकोस. थंडीनं कापतेय मी."

काचेवर पुन्हा वाफ धरली.

"मी तुझं काही वाईट केलेलं नाही. मला भिववून तुला काय मिळणार? तोंड नसेल तर राहू दे. मी विचारते. हो असेल तर खाली दाब."

काचेवरची वाफ थांबली.

"इथंच ठोकली ना गाडी? डाव्या बाजूनं?"

पाटे करकरले.

"तू... वेसा?"

गाडी एवढी खाली गेली की पत्रा टायरला टेकला.

दोन्का म्हणाली, "स्पेन कसलं गं बाई, तू तर गावाबाहेरसुद्धा गेली नाहीस. आणि इथं कुढत बसलीस! तो घरात मजेत मटण खातोय. मला कशाला छळतेस? चल घरी."

गाडी वळवली. अख्ख्या रस्त्यात मागं फक्त करकर... करकर...

गाव्रिल फाटकात उभा होता. "काय? कशी वाटली?"

दोन्का उतरली. मागचं दार सताड उघडलं.

"उतर, वेसा. घर आलं तुझं."

गाडी वर आली.

गाव्रिल दोन्काकडे बघत नव्हता. तिच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर बघत होता. तो एक पाऊल मागं सरला. आणखी एक... मग चिखलातच बसला.

"गाडी आता ठीक आहे," दोन्का म्हणाली. "पण मला नको." किल्ल्या त्याच्या पुढ्यात टाकल्या आणि अंधारात चालत घरी आली. एकदाही मागं न बघता, असं ती सांगते. ते मी मानतो.

सकाळी उजाडायच्या आत गाव्रिल आपल्या पायानं पोलिसांकडे गेला. दारू पिऊन गाडी वळणावर आपटली, वेसा लगेच गेली नव्हती, मदत आणली असती तर वाचली असती, हे सगळं त्यानं सांगितलं. दगडखाणीत तिला गुपचूप गाडलं होतं ती जागाही दाखवली. फादरांना बोलावून तिला नीट पुरलं. तो तुरुंगात आहे. घराला कुलूप आहे.

फेब्रुवारीत मी आणि दोन्का त्या घरावरून गेलो. हातभर बर्फ पडला होता. फाटकाबाहेर बाक आहे, वर छप्पर नाही, काही नाही. बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ. फक्त मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी.

दोन्का म्हणाली, "बस, वेसा. आता निवांत बस."

मी हातमोजा काढून तिथं हात ठेवला.

लाकूड उबदार होतं.